बिनतारीवाले काका

आपोआप सुरू झालेल्या गोष्टीवर आमच्या घरमालकांचा विश्वास नव्हता. लिफ्ट मध्येच अडकली आणि दोन मिनिटांनी आपली आपण चालू झाली, की बाकीचे 'सुटलो' म्हणत घरी जायचे. हे मात्र तळमजल्यावर उतरून वॉचमनला विचारत बसायचे, "पण बंद का पडली होती?"

"चालू हो गया ना अंकल, अब क्या टेन्शन?" वॉचमन म्हणायचा.

"वही तो टेन्शन है," काका कासावीस होऊन म्हणायचे.

मीरा रोडला पूनम सागरमधल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचे एकाला एक लागून दोन फ्लॅट होते. एकात ते एकटे राहायचे, दुसरा मी भाड्याने घेतला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रेलियात. मूळचे रत्नागिरीकडचे, पण तरुणपण सगळं मालवाहू जहाजांवर गेलं. तिथे ते रेडिओ ऑफिसर होते. कानाला हेडफोन लावून बसायचं, बिनतारी संदेश घ्यायचे आणि पाठवायचे. पुढे जहाजांवरचं ते पदच बंद झालं आणि काका कायमचे जमिनीवर आले. 'वायफाय' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. "तुझ्या बेडरूमपर्यंत बिनतारी पोचतंय ना गं?" असं विचारायचे. त्यावरून आख्ख्या इमारतीत ते बिनतारीवाले काका झाले.

कुणाचं नेट अडलं की लोक त्यांना बोलवायचे. ते स्वतःचं लाकडी स्टूल हातात घेऊन जायचे. दुसऱ्याच्या सोफ्यावर बसलं की यजमानांना घाई होते आणि त्यांच्या घाईने आपल्याला घाई होते, असं त्यांचं म्हणणं. कुणी "रीस्टार्ट करून बघतो" म्हणालं की त्याचा हात धरायचे. "रीस्टार्ट करू नकोस. ते म्हणजे चोर पकडायच्या आधी घर झाडून घेण्यासारखं आहे." मग समोरासमोर उजेडात बसून, माणसाच्या चेहऱ्यावरची नजर न हलवता, एकच प्रश्न विचारायचे, "शेवटचं काय पोचलं?" संदेश तुटला की पहिल्यापासून सांगत बसायचं नाही, शेवटचं काय पोचलं ते विचारायचं आणि तिथून पुढे जायचं, ही जहाजावरची सवय.

उत्तनपलीकडे तारोडीला एक कोळीण ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान चालवायची. तिचं बिनतारी रोज दुपारी मरायचं. दोन मेकॅनिक राउटर बदलून गेले होते. कुणाच्या तरी ओळखीने काका तिथे पोचले आणि स्टूल टाकून सकाळपासून नुसते बसून राहिले. मीही त्या दिवशी सोबत गेले होते. बाई वैतागली.

"काका, तुमी कायतरी करा ना. नुस्ते बसलाव."

"दुपारी इथे कोण येतं?" काकांनी विचारलं.

"कोन न्हाय येत. ऊन येतं फकस्त."

असं म्हणाली आणि तिचीच नजर खिडकीकडे गेली. राउटर खिडकीत, पत्र्याला टेकवून ठेवलेला होता. दुपारी पत्रा तापायचा, त्याच्याबरोबर राउटरही. तिने तो स्वतःच उचलला आणि आतल्या भिंतीला पाण्याच्या माठाशेजारी ठेवला. काका परत येताना बसमध्ये खूश होते, पण उत्तनचा नाका ओलांडेपर्यंतच. मग म्हणाले, "पावसाळ्यात ती भिंत ओल धरत असेल का गं?" पुढच्या पावसाळ्यात ते मुद्दाम जाऊन भिंत बघून आले.

तर असा हा माणूस. काळजी करणं हा त्यांचा स्वभाव होता की धंदा, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

माझं काम सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. माझे आईवडील दोघेही जन्मापासून ऐकू न येणारे. मी खुणांची भाषा आधी शिकले आणि तोंडाने बोलायला नंतर. तीच भाषा पुढे पोटापाण्याला आली. मी घरी लॅपटॉपसमोर बसते. लांब कुठल्या तरी गावातल्या हॉस्पिटलात, बँकेत, कचेरीत ऐकू न येणारं माणूस असलं की तिथल्या पडद्यावर मला बोलावतात. डॉक्टर बोलतात ते मी खुणांनी सांगते, पेशंट खुणा करतो ते मी तोंडाने सांगते. कॉल तुटला की त्या खोलीत एक माणूस एकदम एकटं पडतं.

माझा लॅपटॉप जुना होता, उघडायलाच पाच मिनिटं घ्यायचा. एका रविवारी काकांनी तो मागून नेला आणि त्यात लिनक्स घालून आणला. ही सिस्टिम फुकट मिळते म्हणून नव्हे, उघडून आत बघता येते म्हणून त्यांना प्रिय होती. "भर समुद्रात मेकॅनिक येत नाही," ते म्हणायचे. "जे आपल्याला उघडता येत नाही ते आपलं नाही." लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड मरायला टेकलेलं निघालं, म्हणून त्यांनी बाहेरून नखाएवढा एक अडॅप्टर लावून दिला. राउटर त्यांच्या घरात, मधल्या भिंतीला. त्याच्यावर दोन्ही घरं चालायची. लॅपटॉप पळायला लागला. मी खूश होते.

मग कॉल तुटायला लागले.

रोज नाही. तेच तर वाईट होतं. तीन दिवस काही नाही, चौथ्या दिवशी दोनदा. पडद्याच्या कोपऱ्यातलं वायफायचं, पंख्याच्या आकाराचं चिन्ह एकेक रेघ गमावत रिकामं व्हायचं, पुन्हा भरायचं. मी समोरच्या माणसाकडे बघायचं सोडून त्या चिन्हाकडे बघायला लागले. खुणा करताना माझे हात घाई करू लागले, कारण आत कुठेतरी वाटायचं की आता तुटेल, त्याच्या आत सांगून टाक. मी काकांना सांगितलंही होतं, पण "कधीकधी तुटतं" इतकंच. कंपनीला कळलं तर हॉस्पिटलच्या यादीतून नाव जाईल, या भीतीने मी ते स्वतःपासूनही लपवत होते.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एका हॉस्पिटलमधून कॉल आला. पहिलटकरीण, नववा लागलेला, ऐकू न येणारी. नवराही तसाच, आणि तो अजून वाटेत. डॉक्टर बाई भराभर बोलत होत्या, "बाळाचे ठोके कमी होताहेत. आत्ताच सिझर करायला लागेल. वेळेत केलं तर दोघंही नीट राहतील, तिला सांगा, घाबरू नकोस."

मी सांगायला सुरुवात केली. बाळ. ठोके. कमी.

आणि पडदा थिजला. तिचा चेहरा तसाच, तोंड अर्धवट उघडं. कोपऱ्यातलं चिन्ह रिकामं.

मी अडॅप्टर काढला, परत लावला. काकांचा नियम मोडून मशीन बंद करून चालू केलं. राउटरच बिघडला समजून मोबाइलच्या नेटवरून प्रयत्न केला, तर आमच्या हॉलमध्ये त्याला रेंज नाही. जिन्यात धावले. शेवटी गच्चीच्या दाराशी एका हाताने फोन भिंतीला टेकवून उभी राहिले तेव्हा लागला. अकरा मिनिटं गेली होती.

त्या अकरा मिनिटांत त्यांनी तिला स्ट्रेचरवर घ्यायचा प्रयत्न केला होता. तिने पलंगाची दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि डोळे घट्ट मिटून घेतले होते. ऐकू न येणाऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याच्याशी कुणालाच काही बोलता येत नाही. तीन माणसं तिला ओढत होती.

"सिस्टर, ओढू नका," मी फोनमधून ओरडले. "मनगटावर हळू थोपटा. थांबा. परत थोपटा."

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. मला 'घाबरू नकोस' सांगायचं होतं. पण मोकळा हात वर केला आणि काकांचा प्रश्नच बाहेर आला. शेवटचं काय दिसलं?

तिने दांडी सोडून एका हाताने सांगितलं. बाळ. ठोके. संपले.

ती समजत होती की बाळ गेलंय आणि ते आता काढून टाकायला नेताहेत. मी तिला कमी आणि संपले यांतला फरक सांगितला. मग पुढचं सगळं, सावकाश. तिने मान डोलावली. अर्ध्या तासाने मुलगी झाली. दोघी नीट होत्या. मी जिन्याने खाली आले.

मग तशीच काकांच्या दारात उभी राहिले. त्यांचं दार दिवसभर अर्धं उघडं असायचं. बेल वाजली की छातीत धस्स होतं म्हणून बेल काढूनच टाकली होती. मी जे बोलले ते आठवलं की आजही लाज वाटते.

"तुमच्या त्या लिनक्सपायी आज एक बाई मरत होती. मला सगळ्यांसारखी साधी सिस्टिम का नाही दिलीत? तुमची हौस होते, भोगायचं आम्ही!"

काका खुर्चीतून उठले होते, ते परत बसले. चेहरा पांढरा पडला होता. "सावकाश बोल," ते म्हणाले. "समोर बस आणि सावकाश सांग."

मी सांगितलं. ते ऐकून त्यांनी आपलं नेहमीचं काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाले, "दोघी बऱ्या आहेत, हे नक्की ना? कुणी सांगितलं? डॉक्टरांनी स्वतः?" आणि मग, "मला तीन दिवस दे. तोवर हॉस्पिटलचे कॉल घेऊ नकोस."

मी तीन दिवस फक्त बँकांचे कॉल मागून घेतले. ते तीन दिवस मला फार जड गेले, कारण काका घाई करत नव्हते.

पहिल्या दिवशी ते स्टूल घेऊन आले आणि लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडली. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरकू लागल्या. "ही हिची डायरी," ते म्हणाले. "प्रत्येक मशीन डायरी लिहितं. कुठल्या क्षणी काय झालं ते सगळं. लोक वाचत नाहीत." ते दीड तास वाचत बसले, बोटाने ओळ धरून. मग म्हणाले, "हा अडॅप्टर डुलक्या घेतो. वीज वाचवायला मधूनच झोपतो आणि हाक मारली की उठायला उशीर करतो." त्यांनी एक ओळ लिहून त्याची झोप बंद केली आणि उठले.

"झालं?" मी विचारलं.

"आज एवढंच."

"काका, अजून काय काय असेल ते सगळं करून टाका ना. चॅनेल बदला, राउटर बदला. प्लीज."

"दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं वाटलं, तर कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही," ते म्हणाले. "आणि न कळता बरं झालेलं दुखणं उलटतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या घरातून मला व्हिडिओ कॉल लावला आणि चार तास चालू ठेवला. पडद्यावर ते नुसते बसले होते, एक अक्षर बोलत नव्हते, समोरचे सिग्नलचे आकडे बघत होते. मी इकडे कपड्यांच्या घड्या केल्या, भाजी निवडली. एकदाही तुटला नाही. मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी बँकेचा कॉल घेतला आणि तो आठव्या मिनिटाला गेला.

मी रडतच त्यांच्याकडे गेले. त्यांनाही धक्का बसला होता, पण वेगळ्या जातीचा. "माझ्याशी बोलताना तुटत नाही, कामाच्या वेळी तुटतो," ते स्वतःशी म्हणत येरझारा घालू लागले. "मशीनला माणूस ओळखू येत नाही. म्हणजे तू काहीतरी वेगळं करतेस."

"मी काहीच वेगळं करत नाही!"

"उद्या सकाळी करून दाखव. सांगू नकोस, कर. कॉलच्या आधी काय काय करतेस ते सगळं. कपडे बदलत असशील तर तेही बदलून ये."

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर सगळं केलं. काळा कुर्ता घातला, कारण त्यावर हात स्पष्ट दिसतात. मागचा पडदा ओढला. दिवा लावला. मग कपाटातून कामाचा चांगला कॅमेरा काढला, तो आणि दिवा ज्यात लागतात तो चार तोंडांचा हब काढला आणि लॅपटॉपला जोडला, अडॅप्टरच्या शेजारच्याच भोकात.

"हे काल नव्हतं," काका म्हणाले.

"तुमच्याशी बोलायला कशाला? ते कामालाच लावते मी."

त्यांनी मला हब काढायला सांगितला. काळ्या खिडकीतले सिग्नलचे आकडे वर गेले. लावायला सांगितला. आकडे घसरले. काढ. लाव. काढ. दहा वेळा केलं आणि दहाही वेळा तेच झालं. हब जोरात काम करताना स्वतःभोवती एक कुजबुज सोडतो आणि ती नेमकी बिनतारीच्याच हवेत मिसळते, असं त्यांनी समजावलं. अडॅप्टर बिचारा कानाशी कुणी सतत बडबडत असताना लांबचा आवाज ऐकायला धडपडत होता.

उपाय म्हणजे हातभर लांबीची एक वायर. अडॅप्टर तिच्या टोकाला लावून त्यांनी तो टेबलाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात चिकटवला. हब होता तिथेच राहिला. कॉल तुटला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, त्यानंतर आजवर नाही.

मी माफी मागितली. लिनक्सचा काही दोष नव्हता, हब तर माझाच होता. काकांना जिंकल्याचा आनंद वगैरे झाला नव्हता. ते स्टुलावर हात मांडीखाली दाबून बसले होते.

"मला एकदा अर्धाच संदेश मिळाला होता," ते म्हणाले. "जहाजावर असताना. एका छोट्या बोटीचा. अक्षांश मिळाला आणि तुटला. रेखांश नाही मिळाला. नुसता अक्षांश म्हणजे काय गं, जगाला वळसा घालणारी एक रेघ. त्या रेघेवर कुठे शोधायचं?"

"सापडली का?"

"दुसऱ्या जहाजाला. दोन दिवसांनी." अडॅप्टरची वायर चाचपत म्हणाले, "पण बोटीवर सगळे उरले नव्हते."

मग स्टूल उचलून ते घरी गेले.

यानंतर तीन-चार महिन्यांनी एका दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला. काकांची मुलगी, ऑस्ट्रेलियाहून. भाडेकरूचा नंबर तिच्याकडे अडीअडचणीसाठी होता.

"ताई, सॉरी हं त्रास देतेय. तुम्ही प्लीज एकदा बाबांचं नेट बघाल? दोन वर्षं झाली, नीट बोलणंच होत नाही. मी दोन वाक्यं बोलते आणि ते म्हणतात, तुटतंय, तुटतंय, काही पोचत नाहीये, आणि कट करतात. मी तीन राउटर पाठवले. काहीच फरक नाही. मेसेजला नुसतं 'मी ठीक' म्हणून उत्तर येतं. मला फार भीती वाटते हो. ते ठीक आहेत ना?"

"बघते," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग पंख्याखाली तशीच उभी राहिले. बघायचं काय होतं? दोन्ही घरांना राउटर एकच. माझं आख्खं काम रोज सहा तास त्याच राउटरवर एकदाही न तुटता चालत होतं.

एकेक गोष्ट समोर येत गेली. समोर बस, उजेडात बस. सावकाश बोल. काढून टाकलेली बेल. चेहऱ्यावरून न हलणारी नजर, जिला मी जुन्या पिढीची सभ्यता समजत होते. चार तास मुका व्हिडिओ कॉल. माझ्या वडिलांना मी बाजारात पन्नास पावलांवरून ओळखायचे, लोकांचं बोलणं ते कसं बघतात त्यावरून. त्यांच्यासारखाच एक माणूस दोन वर्षं भिंतीपलीकडे राहत होता आणि मला कळलं नव्हतं.

तरी मी खात्री केली. त्यांच्याकडूनच शिकले होते. संध्याकाळी गेले तर ते खिडकीशी बसून काही वाचत होते. पाठीमागून हाक मारली. मान वळली नाही. दोनदा मारली. मग समोर गेले. ते दचकले, हसले. "कधी आलीस?"

मी आवाज न करता नुसते ओठ हलवले. चहा घेणार का?

"अर्धा कप," काका म्हणाले.

आणि माझा चेहरा बघून त्यांना कळलं की काय झालं. त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं, आता आवाजासकट.

"उजवा चार वर्षं. डावा दोन वर्षांपासून उतरत गेला, गेल्या दिवाळीपासून जवळजवळ नाहीच. तरुणपणभर हेडफोन आणि इंजिनचा आवाज, दुसरं काय होणार. डॉक्टर म्हणाला कानाला मशीन लावून थोडाफार आवाज मिळेल, शब्द नाही मिळायचे."

"मुलीला का नाही सांगितलंत?"

"ती सगळं सोडून येईल. नाहीतर मला उचलून तिकडे नेईल. इथे मी लोकांची बिनतारी बघतो, डायरी वाचतो, डोळ्यांनी होतं सगळं. तिकडे मी कुणाचा कोण? सोफ्यावर बसवलेला म्हातारा."

"म्हणून नेटवर खापर फोडलंत."

"नेट काही मनाला लावून घेत नाही."

मला राग आला. तो रोखता आला नाही. "पण ती घेतेय ना! ती तिथून एकेक राउटर बदलत बसलीय. चुकीच्या जागी बिघाड शोधायला लावलंत तुम्ही तिला, दोन वर्षं. तुम्ही! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला स्टूल फेकून मारलं असतंत."

ते कपाटाकडे बघत राहिले. तिथे राउटरची तीन खोकी होती, एकावर एक, एकही न उघडलेलं.

मी तिला काहीही सांगितलं नाही. दोन माणसांच्या मधे बसणाऱ्याने स्वतःचं वाक्य घालायचं नसतं, हा माझ्या कामाचा पहिला नियम. पण ते दिवस वाईट होते. तिचे मेसेज यायचे, "ताई, बघितलंत का?" आणि मी उत्तर लिहून लिहून पुसायचे. काका माझी नजर टाळायचे, आणि नजर टाळली की त्यांना माझं बोलणंही कळायचं नाही, हे आता मला माहीत होतं. शेजारच्या घरात काही पडल्याचा आवाज आला तरी मी उठून त्यांच्या दाराशी जाऊन बघायचे.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, ते दारात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. "तुझा लॅपटॉप घेऊन ये," म्हणाले. "पडद्यावरचे ओठ मला नीट वाचता येत नाहीत. ती जे बोलेल ते मोठ्या अक्षरांत लिहायचं. गाळायचं नाही काही."

त्यांच्या मशीनवर कॉल लागला. शेजारी माझा लॅपटॉप, त्यावर मोकळं पान. मुलगी पडद्यावर आली, गोरी, दमलेली, केस कसेतरी बांधलेले. "बाबा! ऐकू येतंय का? हॅलो?"

मी ते लिहिलं. त्यांनी वाचलं. तिच्याकडे बघितलं. कितीतरी वेळ गेला, इतका की मला वाटलं आता म्हणतील तुटतंय, आणि कट करतील. त्यांचा हात माउसवर होता.

"नेट चांगलं आहे," काका म्हणाले. "पहिल्यापासून चांगलंच होतं. माझे कान गेलेत."

तिकडून काहीच आलं नाही. काका पानाकडे बघत होते, रिकाम्या पानाकडे. शांततासुद्धा सांगावी लागते. मी लिहिलं, 'ती गप्प आहे.' मग लिहिलं, 'रडतेय.'

"ते दिसतंय मला," ते म्हणाले.

मग ती बोलायला लागली, भराभर, मराठी-इंग्रजी मिसळून, आणि माझी बोटं मागे पडू लागली. ती मधेच थांबली. "ताई, तुम्ही थांबा जरा," म्हणाली आणि उठून गेली. रिकामी खुर्ची दिसत होती. काकांनी माझा दंड धरला होता. ती परत आली तेव्हा हातात कोरे कागद आणि जाड पेन होतं. तिने मान खाली घालून लिहिलं आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

आधी का नाही सांगीतलं?

काकांनी चष्मा पुसला, घातला, पडद्यापाशी नाक नेऊन वाचलं. दोनदा वाचलं.

"गि ऱ्हस्व," ते म्हणाले.

ती क्षणभर बघत राहिली आणि मग हसायला लागली. रडता रडताच, कागद तोंडावर धरून. काका तिच्या हलणाऱ्या खांद्यांकडे बघत होते.

"हसतेय ना?" त्यांनी मला विचारलं. "कशी हसते गं आता?"

मी इतकी वर्षं माणसांचं बोलणं इकडून तिकडे नेतेय, पण हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी कान देऊन ऐकलं. मग लिहिलं, 'आधी श्वास अडकतो. आवाजच येत नाही. मग एकदम फुटतं, आणि शेवटी बारीक हुंदका लागतो.'

त्यांनी वाचलं. बोट ओळीवर ठेवून परत वाचलं.

"म्हणजे तिच्या आईसारखी," ते म्हणाले. आणि मग पडद्याकडे वळून, साऱ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "कागद बदल. पुढचं लिही."